ठेका चुकलेल्या फुगड्या

  पातळ अतिवाहकांचा माग मला मुंबईत कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेऊन गेला.

होमी भाभांनी 1945 साली स्थापलेल्या या संस्थेत प्रताप रायचौधुरी यांच्या गटानं नायोबियम नायट्राइडच्या थरांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. निर्वात पेटीत थोडा आर्गॉन आणि नायट्रोजन सोडून नायोबियमवर आयनांचा मारा करतात. उडालेले अणू तापलेल्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या स्फटिकावर बसतात. थराची जाडी केसाच्या साधारण हजाराव्या भागाएवढी. चांगला थर सुमारे 16 केल्विनखाली विजेला मुळीच अडवत नाही, म्हणजे अतिवाहक होतो. स्फटिकातल्या नायोबियमच्या जागा रिकाम्या राहू दिल्या, की हा आकडा घसरत शून्याकडे जातो. उष्णता नव्हे, विस्कळीतपणा अवस्था बदलतो. हेच क्वांटम अवस्थांतर.

मला खिळवून ठेवलं ते गटानं स्वतः बांधलेल्या सूक्ष्मदर्शकानं. थराला हवा लागू न देता तो आत सरकवायचा, 350 मिलिकेल्विनपर्यंत थंड करायचा आणि अणूच्या मापाच्या फटीतून सुईनं चाचपायचा. अतिविस्कळीत थर तापवत नेला की अतिवाहकता जाते, तरी ती घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांची खूण मागे उरते! 1998 मध्ये याच संस्थेतल्या अमित घोषाल, मोहित रंदेरिया आणि नंदिनी त्रिवेदी यांनी गणितातून दाखवलं होतं, की विस्कळीतपणा अतिवाहकाची बेटं करतो. अंगणात फुगड्या रंगाव्यात, एकीचाही हात सुटू नये, पण ठेका मात्र जिचा तिचा असावा, तसं हे.

अडचण पुढेच आहे. काही अतिपातळ स्फटिकांत, उदाहरणार्थ नायोबियम डायसेलेनाइडमध्ये, शून्य केल्विनजवळही थोडा रोध उरलेला दिसला आणि ‘क्वांटम धातू’ सापडल्याचं 2016 च्या सुमारास मांडलं गेलं. पण मोजणीच्या तारांतून बाहेरच्या रेडिओलहरीही आत शिरतात. 2019 मध्ये कुलाब्याच्या गटानं मॉलिब्डेनम-जर्मेनियमच्या थरावर दाखवलं, की तारांना गाळण्या नीट बसवल्या नाहीत तर असाच रोध दिसतो. बसवल्या की तो जवळजवळ नाहीसा होतो. नायोबियम डायसेलेनाइडवरही त्याच वर्षी दुसऱ्या गटाला हेच आढळलं.

प्रत्येक दावा याने खोटा ठरत नाही. पण इतक्या थंडीत नवी अवस्था सापडली असं कुणी सांगितलं, तर पहिला प्रश्न एकच विचारावा: तारांवर गाळण्या होत्या का?