रक्तांतील मेद आणि आपले कान

घरांतील वडील माणसें तोच शब्द पुन्हां पुन्हां विचारूं लागलीं, म्हणजे "वय झालें" असें म्हणून आपण मोकळे होतों. परंतु वय हेंच ह्याचें एकमेव कारण आहे काय?

आंतरकर्णांत गोगलगाईच्या शंखासारखी सुमारें अडीच वेढ्यांची एक नळी असते. तींत जवळजवळ १५,००० सूक्ष्म केशपेशी असून, ध्वनीच्या कंपांचे संदेश मेंदूकडे धाडणें हें त्यांचें काम होय. ह्या पेशी एकदां नष्ट झाल्या कीं पुन्हां उत्पन्न होत नाहींत. त्यांना रक्त पुरविणारी धमनी अत्यंत बारीक व एकच असते. शेताला पाणी देणारा एकुलता एक पाट बुजला, तर पीक सुकावयाचेंच. तद्वत् हें आहे.

कोलेस्टेरॉल हें मेदासारखें द्रव्य शरीरास आवश्यकच आहे. परंतु रक्तांत तें प्रमाणाबाहेर वाढल्यास धमन्यांच्या भिंतींत सांचतें व रक्ताचा मार्ग अरुंद होतो. ह्यापासून हृदयास धोका असतो हें सर्वश्रुत आहे. मग कानासही तो असेल काय?

डॉ. सॅम्युएल रोझेन ह्या अमेरिकन कर्णवैद्यांनीं तेव्हांच्या सुदानांतील माबान लोकांचे कान तपासून १९६२ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या लोकांतील वृद्धांसही उत्तम ऐकूं येत असे. पण तेथें गोंगाट फारच थोडा. तेव्हां श्रेय शांततेचें कीं साध्या आहाराचें, हें ठरेना. त्याच सुमारास फिनलंडांतील दोन मनोरुग्णालयांत आहाराचा एक प्रयोग चालला होता. एकांत दुधांतील मेदाऐवजीं मुख्यत्वें सोयाबीनचें तेल देत, दुसऱ्यांत नेहमींचें अन्न. सहा वर्षांनीं अदलाबदल केली. रोझेन ह्यांनीं तेथील रुग्णांचेही कान तपासले, तेव्हां तेलाचा आहार घेणारांची श्रवणशक्ति सरस आढळली.

तथापि पुढील सर्वच पाहण्यांत हा संबंध सारखाच दिसून आलेला नाहीं. मोठा आवाज, तंबाखू व मधुमेह हींही कानाचे शत्रु आहेत. म्हणून कोलेस्टेरॉल हें अनेक कारणांपैकीं एक असावें, एवढेंच म्हणणें योग्य होय.

विद्यार्थिमित्रहो, वडिलांस ऐकूं न आल्यास हसूं नका; त्यांच्यासमोर येऊन सावकाश बोला व त्यांचे कान तपासून घ्या. एकाएकीं ऐकूं येईनासें झालें, तर मात्र त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. तेथें विलंब झाल्यास गेलेली श्रवणशक्ति परत येणें कठीण.