कोंबडी नेमकी कशासाठी ओरडते?

परसात चार-सहा कोंबड्या पाळणारी घरं आता तालुक्याच्या गावांतल्या बंगल्यांच्या कॉलन्यांमध्येही दिसतात. घरची अंडी मिळतात, भाजीची देठं-पानं सत्कारणी लागतात, मुलांना लळा लागतो. आणि मग एक दिवस शेजारचे काका भिंतीवरून विचारतात, "अहो, सकाळी सकाळी काय चाललेलं असतं तुमच्याकडे?"

अशा वेळी बहुतेकजण खुराडं उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेतात किंवा त्यावर ताडपत्री टाकतात. दोन्हींचा फारसा उपयोग होत नाही, कारण कोंबडीचा आवाज एकच नसतो. अंड्याचा वेगळा, भुकेचा वेगळा, भीतीचा वेगळा, आणि प्रत्येकाचा इलाजही वेगळा. म्हणून आधी तीन-चार दिवस फक्त ऐकावं. किती वाजता, कोणती कोंबडी, आवाज तुटक की लांब, आणि त्याच्या आधी काय घडलं, एवढं वहीत टिपलं तरी अर्धं काम होतं.

तक्रारींचं सर्वांत मोठं मूळ म्हणजे अंडं. अंडं घातल्यावर कोंबडी बाहेर येते, मान ताठ करते आणि "पक्-पक्-पक्-पकाऽऽक" असा गजर सुरू करते. बाकीच्या साथ देतात. पांगलेल्या कळपाला आपला ठावठिकाणा कळवण्यासाठी रानातल्या पूर्वजांकडून आलेली ही सवय असावी, असं एक मत आहे. हा गजर काही मिनिटांत ओसरतो. तो बंद करता येत नाही आणि करूही नये.

लांबतो तो अंड्याच्या आधीचा आवाज, आणि त्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. अंडं आलेली कोंबडी एकदा नीट बघा. ती दाणे टिपायचं सोडून येरझाऱ्या घालू लागते. खुराड्यात डोकावते, आत दुसरी बसलेली दिसली की मागे फिरते, पुन्हा येते. मान पुढे काढून "गॅऽऽऽक, गॅक-गॅक" असा कण्हल्यासारखा लांब सूर लावते. आतली उठत नाही. बाहेरची चोच मारते, आतली फिस्कारते, आणि हे तासभर चालू शकतं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी या सुराचा अभ्यास केला आहे. कोंबडीला हवं ते मिळण्यात अडथळा आला, मग ती बसायची जागा असो वा दाणा, की हा सूर वाढतो. म्हणजे शेजाऱ्यांना ऐकू येतो तो बऱ्याचदा आपण केलेल्या गैरसोयीचा आवाज असतो.

चार-पाच कोंबड्यांना अंड्यासाठी एक खोका पुरतो, असं सांगतात. माझं मत असं की चार कोंबड्या असल्या तरी दोन खोके ठेवावेत. मात्र दोन्ही सारखे हवेत, नाहीतर सगळ्या एकाच खोक्यापुढे रांग लावतात आणि दुसरा रिकामा राहतो. साधारण एक फूट लांब, एक फूट रुंद आणि तेवढाच उंच खोका घ्यावा. पुढच्या बाजूला चार बोटं उंचीची पट्टी ठोकावी, म्हणजे पेंढा बाहेर सांडत नाही. आत भाताचं तूस किंवा पेंढा भरपूर घालावा. तोंडावर गोणपाटाचा तुकडा अर्धवट सोडावा. कोंबडीला आडोसा आणि अंधार लागतो. खोके रात्री बसायच्या दांडीपेक्षा खाली असावेत, नाहीतर कोंबड्या खोक्यातच झोपतात आणि तिथं विष्ठा साचते. ज्या खोक्यात कुणी बसत नाही, त्यात एक लाकडी अंडं ठेवून बघावं. दुसरीनं इथं अंडं घातलेलं दिसतंय, म्हणजे जागा सुरक्षित आहे, असा कोंबडीचा हिशेब असतो. तलंगा साधारण पाच-सहा महिन्यांच्या झाल्या की अंड्यावर येतात. त्याच्या आधीच खोके मांडून ठेवावेत.

या कलकलाटाची वेळ रोज थोडी सरकते, त्यानं लोक गोंधळतात. एक अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात, त्यातले वीसेक तास तर नुसतं कवच चढण्यात जातात. त्यामुळे आज सकाळी आठला घातलेलं अंडं उद्या नऊच्या सुमारास येतं, परवा आणखी उशिरा. दुपार उलटायला लागली की कोंबडी एक दिवस खाडा करते आणि पुन्हा सकाळपासून सुरुवात करते. शेजारी रात्रपाळी करून दिवसा झोपत असतील, तर त्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

दुसरा आवाज भुकेचा, आणि तो आपणच शिकवतो. कोंबड्या ओरडल्या, आपण मूठभर कणी टाकली, त्या गप्प झाल्या. चार वेळा असं झालं की ओरडलं की कणी मिळते हे त्या पक्कं धरतात. मग स्वयंपाकघराचं दार वाजलं तरी सुरू होतात. याला एकच उतारा: दाण्याची वेळ ठरलेली हवी आणि दाणा ओरडण्याच्या आधी पडायला हवा. एका मोठ्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं. ते भांड्यात कायम असलं आणि कणी-भाजी फक्त संध्याकाळी, त्या शांत असताना दिली, तर ही सवय मोडते. मधल्या काळात त्या आधीपेक्षा जास्त ओरडतात. तेव्हा घरातल्या एकानंही मऊ पडून चालत नाही.

पहाटेच्या आवाजाचं नातं उजेडाशी आणि बंद दाराशी आहे. फटीतून उजेड आला की कोंबड्या दांडीवरून उतरतात, आणि दार बंद असेल तर दारापाशी गर्दी करून कुरकुरतात. पूर्वेकडच्या फटी गोणपाटानं झाकाव्यात, पण छपराखालची हवेची जाळी मोकळी ठेवावी. उन्हाळ्यात कोंदट खुराड्यात कोंबड्या दगावतात. पाणी आणि थोडं खाद्य रात्रीच आत ठेवलं, तर जागं झाल्यावरचा अर्धा तास चोच कामात राहते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. सहाच्या आधीची शांतता सांभाळणं म्हणूनच महत्त्वाचं.

कोंबड्याचं मात्र मी स्पष्टच सांगेन: दाटीच्या वस्तीत तो पाळू नये. अंड्यासाठी त्याची गरज नसते, पिल्लांसाठी असते. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की, मंद उजेड कायम तसाच ठेवला तरी कोंबडा आपल्या शरीरातल्या घड्याळानुसार पहाटेच्या सुमारास आरवतो. त्यांच्याच पुढच्या कामात दिसलं, की कळपात आधी आरवतो तो सर्वांत वरच्या मानाचा कोंबडा, आणि बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणे मागून. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आणि झाकलेलं कोंबडंही आरवायचं राहत नाही. आरवू नये म्हणून गळ्याला पट्टा आवळतात, तो मला क्रूर वाटतो. त्यापेक्षा कोंबडा मोकळं शिवार असलेल्या ओळखीच्या घरी द्यावा.

खुराड्याच्या जागेबद्दल थोडंसंच. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो. म्हणून शेजाऱ्याच्या खिडकीपासून पाच मीटरऐवजी दहा मीटर, आणि दार आपल्या घराकडे. जास्वंदीच्या कुंपणानं कोंबड्या दिसेनाशा होतात, पण आवाज फारसा अडत नाही; त्याला वीट किंवा चिरा लागतो.

मध्येच एखादी कोंबडी खुडूक बसते. खोका अडवून ठेवते, जवळ गेलं की पिसं फुलवून गुरगुरते, आणि बाकीच्यांचा बाहेर गोंगाट सुरू होतो. पिल्लं काढायची नसतील तर तिला खालून वारा लागेल अशा जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, उजेडात, पाणी-दाणा देऊन तीन-चार दिवस ठेवावं. पोटाखालची ऊब गेली की खुडूकपणा उतरतो.

एक आवाज मात्र कधी दडपू नये. आकाशात घार किंवा शिक्रा दिसला की कोंबडी बारीक, लांब सूर काढते आणि सगळा कळप जागच्या जागी दबकतो. मांजर, मुंगूस, कुत्रा असा जमिनीवरचा शत्रू आला, तर तुटक, वाढत जाणारा गलका होतो. अंधारात कोंबड्यांना नीट दिसत नाही, त्यामुळे रात्री त्या विनाकारण ओरडत नाहीत. रात्री असा गलका ऐकू आला तर बॅटरी घेऊन लगेच उठावं. आत साप असू शकतो, म्हणून हात घालण्याआधी खोक्यांत, दांडीखाली आणि पेंढ्यावर नीट उजेड टाकून बघावं. तो कुठून शिरला असेल ती फट सकाळी बारीक जाळीनं बुजवावी.