लपवणाऱ्यांचं दशक

३ मे २०२५ रोजी जिओकॅशिंग या छंदाला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. त्याच्या थोडे दिवस आधी सिएटलजवळच्या कूगर माउंटनवरचा, माझा सर्वांत लाडका डबा यादीतून कायमचा काढला गेला. डबा शाबूत होता. झाकण घट्ट बसत होतं, आतली वही कोरडी होती. ज्यांनी तो लपवला होता ते गृहस्थ मात्र काही वर्षांपूर्वी वारले. डब्याकडे फिरकलेल्याही नसलेल्या कुणीतरी 'मालक प्रतिसाद देत नाही' अशी तक्रार घरबसल्या नोंदवली. मालकाच्या नावाने सूचना गेली, तिला उत्तर येणं शक्यच नव्हतं, मुदत संपली आणि डबा बाद झाला. आम्ही काही जण त्यांच्या पश्चात वही बदलत होतो, झाकणाचं रबर पुसत होतो, ते कशातच धरलं गेलं नाही. पंचवीस वर्षांचा मागोवा घ्यायला बसले आहे ती हा राग मनात ठेवूनच.

ज्यांनी हा छंद कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कुणीतरी एक डबा रानात, बागेत, पुलाखाली लपवायचा, त्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, आणि इतरांनी जीपीएस घेऊन तो शोधायचा. सापडला की आतल्या वहीत नाव, तारीख आणि चार ओळी लिहायच्या, आतली एखादी चीज घेतली तर तिच्या मोलाची दुसरी ठेवायची, आणि डबा होता तसा परत लपवायचा. इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या माळरानावर असाच खेळ १८५४ पासून चालत आला आहे. तिथल्या एका वाटाड्याने क्रॅनमियर पूल या आडवाटेच्या जागी बाटली ठेवली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी तिच्यात आपापली व्हिजिटिंग कार्डं टाकायला सुरुवात केली. ती परंपरा लोभस आहे, पण तिला उपग्रहांची गरज नव्हती.

उपग्रहांची गोष्ट १ मे २००० ला सुरू होते. तोवर अमेरिकी लष्कर नागरी जीपीएसच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे यंत्रावरची जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे सरकलेली असायची. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ही मिसळ थांबवण्याची घोषणा केली आणि एका रात्रीत जगभरातली यंत्रं दहा-वीस मीटरपर्यंत अचूक झाली. दोन दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर या संगणक अभियंत्याने ओरेगनमधल्या बीव्हरक्रीक गावाजवळ एक काळी प्लास्टिकची बादली अर्धवट पुरली. तिच्यात पुस्तकं, व्हिडिओ, थोडे पैसे, एक गलोल आणि डबाबंद घेवड्याचा एक डबा होता. माइक टीग यांनी ती पहिल्यांदा शोधली. २ सप्टेंबर २००० ला सिएटलच्या जेरेमी आयरिशने या खेळासाठी संकेतस्थळ सुरू केलं तेव्हा साऱ्या जगात असे जेमतेम ७५ डबे होते. कॅन्ससमधल्या मिंगो इथला ११ मे २००० चा डबा आजही शोधता येतो.

माझं दशक २००२ पासूनचं. नवऱ्याच्या नोकरीमागून ठाण्याहून सिएटलजवळच्या रेडमंडला आले ती एच-४ व्हिसावर, म्हणजे तेव्हा नोकरी करायला कायद्याने बंदी. कॉलेजात असताना सह्याद्रीत वणवण केलेली, आणि इथे डोंगर खिडकीतून दिसायचे पण त्यांच्याशी ओळख करून देणारं कुणी नाही. गडावर जाताना पायथ्याच्या वाडीतून एखादा वाटाड्या सोबत यायचा. कुठली खिंड, कुठलं टाकं, कुठे कोण पडलं, हे चालता चालता सांगायचा. या परक्या डोंगरांत ते काम माझ्यासाठी डबे लपवणाऱ्यांनी केलं. त्यांचे चेहरे मी क्वचितच पाहिले, पण वॉशिंग्टन राज्य मला त्यांनीच दाखवलं.

त्या काळी एक डबा शोधायचा म्हणजे संध्याकाळपासून तयारी. डब्याचं वर्णन छापून घ्यायचं. खाली सूचना सांकेतिक लिपीत असायची, ए म्हणजे एन, बी म्हणजे ओ. ती शक्यतो उलगडायची नाही, आणि उलगडायचीच झाली तर झाडाखाली बसून पेन्सिलीने, एकेक अक्षर. मग गार्मिनच्या पिवळ्या ईट्रेक्सवर बाजूची बटणं दाबत दाबत अंश आणि मिनिटं भरायची. मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थळात एकाचा फरक पडला तर उत्तर-दक्षिण सुमारे दोन मीटर. दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या त्या यंत्राला डग्लस फरच्या दाट झाडीखाली उपग्रह दिसेनासे व्हायचे. उभं राहिलं की बाणही दिशा सोडायचा, कारण चालत असतानाच त्याला दिशा कळायची. मग मागे येऊन मोकळी जागा शोधायची, यंत्राला दम खाऊ द्यायचा, तिथून किती मीटर आणि किती अंशांवर ते वाचायचं आणि होकायंत्र धरून झाडीत शिरायचं. शेवटचे दहा मीटर यंत्र खिशात. तिथून पुढे लपवणाऱ्याच्या डोक्यात शिरावं लागे: याने नेचे जरा जास्तच नीट का रचलेत, ही साल इथे आडवी का पडली आहे?

कूगर माउंटनचा डबा हा त्या कलेचा उत्तम नमुना होता. तो लपवणारे निवृत्त शाळामास्तर होते. या डोंगराच्या पोटात १८६३ पासून कोळशाच्या खाणी होत्या आणि त्या शंभर वर्षं चालल्या, हे मला त्यांच्या वर्णनातून कळलं. पहिला टप्पा रेड टाउनला, जिथे खाणकामगारांची लाल रंगवलेली घरं होती. तिथल्या माहितीफलकावरून एक आकडा घ्यायचा, दुसरा बुजवलेल्या खाणीच्या तोंडाशी, आणि दोन्हींवरून शेवटची जागा काढायची. ती जागा होती एका अजस्र सीडरच्या बुंध्यामागे. बुंध्यावर छातीच्या उंचीला दोन आडव्या खाचा होत्या, एखाद्या चेहऱ्यावरच्या डोळ्यांसारख्या. असे बुंधे मी आधी कितीतरी पाहिले होते, पण खाचा कसल्या हे विचारायचंही सुचलं नव्हतं. मास्तरांनी लिहिलं होतं: लाकूडतोडे त्या खाचांत फळ्या ठोकून त्यांवर उभे राहत आणि खालचा फुगीर, राळेने भरलेला भाग टाळून वरून करवत चालवत. त्या दिवसापासून इथल्या कुठल्याही रानात शिरले की माझी नजर आधी खाचा शोधते.

डबा लष्कराच्या काडतुसांचा होता. हिरवा, पत्र्याचा, झाकणाला रबर, खटका ओढला की 'टक्' असा भरदार आवाज. पावसाच्या या मुलखात तोच टिकतो. वही टॅकोमात बनणाऱ्या, न भिजणाऱ्या कागदाची. त्या वहीत लोकांनी पानंच्या पानं लिहिली होती. कुणी खाणकामगाराची पणती होती, तिने पणजोबांचं नाव लिहून ठेवलं होतं. एका मुलाने दात पडल्याची बातमी लिहिली होती. मी मराठीत लिहिलं, आणि पुढच्या वर्षी गेले तेव्हा माझ्या ओळींखाली अनोळखी हाताने मराठीतच लिहिलेलं होतं: 'आम्हीपण ठाण्याचे!' त्या कुटुंबाशी जडलेला घरोबा आजही आहे.

२००५-०६ च्या सुमाराचे दिवस या छंदाचे सोन्याचे दिवस होते असं मी ठामपणे म्हणेन. संवेदनशील चिपची नवी यंत्रं आली होती, झाडीखाली उपग्रह टिकत होते, आणि तरीही यंत्र मुद्दाम विकत घ्यावं लागत असल्यामुळे माणसं कष्टाला तयार असत. स्नोक्वाल्मी खिंडीतला आगगाडीचा जुना बोगदा साडेतीन किलोमीटरहून जास्त लांब, आत भर उन्हाळ्यात हुडहुडी आणि मिट्ट काळोख. तो विजेरीच्या उजेडात पार करायचा, आणि पलीकडच्या चढणीवर २००१ मध्ये 'प्लॅनेट ऑफ द एप्स' चित्रपटाच्या निमित्ताने लपवलेला मोठा डबा. अंधारातून चालत येऊन उजेडात पाय टाकण्याचा तो क्षण, तो ठरवून घडवणारा माणूस कलावंतच.

घसरण सुरू झाली ती आकड्यांमुळे. प्रत्येक सापडलेल्या डब्याला खात्यात एक हसरा चेहरा मिळतो, आणि डबा सह्याद्रीएवढा चढ चढवणारा असो की मॉलच्या पार्किंगमधला, चेहरा एकच. विजेच्या खांबाच्या बुडाशी पत्र्याचं आवरण असतं, ते वर उचललं की आत कॅमेऱ्याच्या रोलची डबी. गाडीतून उतरा, उचला, सही करा, चला. अशा डब्या हजारोंनी आल्या. २००८ नंतर जीपीएस प्रत्येकाच्या फोनमध्ये आलं आणि वर्णन छापून वाचण्याची गरजच उरली नाही. मार्च २०१० मध्ये जगातले डबे दहा लाखांवर गेले, त्याच वर्षी नेवाडातल्या ३७५ क्रमांकाच्या निर्जन महामार्गावर एका ओळीत हजाराहून अधिक डब्या ठेवल्या गेल्या. दोन डब्यांमध्ये १६१ मीटर अंतर असावं असा नियम आहे, तर बरोबर तेवढंच. 'ठेवता येतो म्हणून दर सहाशे फुटांवर डबा ठेवू नका' असं पूर्वी नियमावलीतच बजावलेलं असे, ते वाक्य तोवर काढून टाकलं होतं. लोक चौघाचौघांनी गाडी करून जायचे, एक जण उतरून जागेवरची डबी उचलायचा, आधीच शिक्का मारलेली हातातली तिथे ठेवायचा, आणि उचललेलीवर पुढच्या थांब्यापर्यंत शिक्का मारायचा. दिवसाला शेकडो. मूळ डबी कुठल्या कुठे.

एका मेळाव्यात असा एक विक्रमवीर मला म्हणाला होता, की लांबलचक वर्णनं लिहिणारे लोक स्वतःच्या हौसेसाठी लिहितात, शोधणाऱ्याला फक्त आकडे हवे असतात. मास्तर शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत. मी तेव्हा गप्प बसले, आज इथे उत्तर देते: वर्णन नको असेल तर घरात बसून आकडेच मोजा, त्यासाठी डोंगर कशाला हवा? त्यानंतर मास्तरांनी नवा डबा लपवला नाही.

सावंतवाडीच्या लाकडी फळांपैकी एक छोटा आंबा मी डब्यातून डब्यात प्रवासाला सोडला होता. सैनिकांच्या गळ्यात असतो तसा क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला त्याला बांधला, आणि 'मला कोकणात पोहोचवा' अशी विनंती जोडली. आंबा ओरेगन, आयडाहो करत जर्मनीत पोहोचला. प्रत्येक जण त्याचा फोटो काढायचा, कुठल्या डब्यातून घेतला, कुठल्यात ठेवला, ते लिहायचा. बव्हेरियात तो नाहीसा झाला. मग वर्षभराने अचानक नोंदी सुरू झाल्या, रोज कुणीतरी 'पाहिला' म्हणून लिहितंय! आकडे वाढवायला लोक बिल्ल्यांच्या क्रमांकांच्या याद्या एकमेकांना देत होते आणि न पाहिलेल्या वस्तू पाहिल्याची नोंद करत होते. हरवल्याचं दुःख मी सोसलं असतं. त्या खोट्या नोंदी अजून सलतात.

भारतात हे का रुजलं नाही, असं पुण्या-मुंबईची तरुण मंडळी विचारतात. आपल्याकडे डबे आहेत, पण तुरळक. 'बेवारस वस्तूला हात लावू नका' ही लोकलमधली सूचना ऐकत आपण मोठे झालो, आणि त्या सूचनेमागे १९९३ आणि २००६ चे बॉम्बस्फोट आहेत. झुडपात डबा दडवून निघून जाणारा माणूस मुंबईत कुणाला बघवणार? इंग्लंडमधल्या वेदरबीतही २०११ मध्ये अशाच एका डब्याने बॉम्बची घबराट उडवली होती. सह्याद्रीत मात्र जागा आहे. गडाच्या आवारापासून दूर, गावाला विचारून, वरच्या बाजूला आत काय आहे ते मराठीत लिहून ठेवलेला डबा तिथे नक्की शोभेल. लपवणाऱ्याला त्या वाटेबद्दल सांगण्यासारखं काही असावं, एवढीच माझी अट.

२०१२ नंतरच्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. डबे वाढले, आज तीस लाखांच्या वर आहेत, आणि वहीतल्या नोंदी आखडल्या. संकेतस्थळावरही फक्त 'डब्याबद्दल आभार' याची इंग्रजी आद्याक्षरं, तीही एकदाच टाइप करून दिवसभराच्या साऱ्या नोंदींवर चिकटवलेली. २०२० पासून ॲडव्हेंचर लॅब फोफावल्या. त्यांत डबाही नाही आणि वहीही नाही, जागेवर जाऊन फोनवर एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. बहुधा पाच ठिकाणं, पाच हसरे चेहरे, गाडीतून न उतरताही जमतं. मास्तरांच्या डोंगराला अर्धा दिवस आणि एकच चेहरा.

आता नियमाबद्दल. डबा दुसऱ्याच्या नावावर करायचा तर मूळ मालकाची संमती लागते. जिवंतपणी ती दिली नसेल, तर मृत्यूनंतर वाट बंद. बोगद्यापलीकडचा तो चित्रपटवाला डबा २०११ मध्ये चोरीला गेला, यादीतून गेला, आणि २०१६ मध्ये पुन्हा यादीत आला. म्हणजे बाद झालेला डबा परत आणता येतो. मग जो जागेवरच आहे, ज्याला सांभाळणारी माणसं आहेत, त्याच्यासाठी एक दार का उघडत नाही? मृत्यूचा दाखला, वारसाची चिठ्ठी, दोन जुन्या शोधकांची सही, जे हवं ते मागा. मास्तरांच्या मुलीने सही करायची तयारी दाखवली होती, तिला कुणी विचारलं नाही.

हा लेख वाचणाऱ्यांत, सिएटलला, बे एरियात, लंडनला, जे जुने लपवणारे असतील त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. घराला आणि बँकेतल्या खात्याला नॉमिनी लावता, तसा डब्यालाही आज, हातीपायी धड असताना लावा. संमती द्यायला दहा मिनिटं लागतात. मी माझे उरलेले डबे गेल्या आठवड्यात मुलीच्या नावावर केले. तिने ते स्वीकारण्याआधी प्रत्येक वर्णन बारकाईने वाचलं आणि दोन ठिकाणी माझं इंग्रजी सुधारलं.