संगणक थकत नाही, तो ताटकळतो

दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला डेस्कटॉप सुरू व्हायलाच पाच मिनिटं लावतो, ब्राउझरचे चार टॅब उघडले की हँग होतो, आणि घरात निकाल लागतो : जुना झाला, भंगारात द्या. पण चिपला माणसासारखं वय चढत नाही. 2011 साली आलेला इंटेलचा कोअर आय3-2100 तेव्हा सेकंदाला 310 कोटी ठोके देत होता, धूळ साचून तापत नसेल तर आजही तेवढेच देतो. वाढलं आहे ते त्याच्यावरचं काम. म्हणून काहीही विकत घेण्याआधी हे यंत्र नेमकं कुठे खोळंबतं, ते शोधायला हवं.

नेहमीची कामं चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर आणि हार्ड डिस्क सतत शंभरावर असेल, तर बहुधा रॅम अपुरी पडते आहे. रॅममध्ये न मावणारी माहिती ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. रॅममधून माहिती मिळायला सुमारे 100 नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या हार्ड डिस्कवरून सुमारे 10 मिलिसेकंद. हा फरक लाखपटीचा आहे. रॅमला एक सेकंद लागतो असं धरलं, तर डिस्कसाठी जवळपास 28 तास थांबावं लागेल! अशा यंत्रात भारी प्रोसेसर बसवला, तर तोही तसाच ताटकळत बसेल.

आय3-2100 ज्यावर चालतो, ते एच61 चिपसेटचे मदरबोर्ड डीडीआर3 रॅम घेतात, जास्तीत जास्त 16 जीबी. डीडीआर4ची पट्टी त्यात बसणारच नाही. तिची खाच वेगळ्या जागी असते आणि तिला दीड व्होल्टऐवजी 1.2 व्होल्ट लागतात. आठ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा चार-चारच्या दोन सारख्या पट्ट्या दोन स्लॉटमध्ये लावा. मग 64 बिटांचे दोन मार्ग एकाच वेळी वापरले जातात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर पडद्यावरचं चित्रही याच रॅममधून येतं, त्यामुळे हा फायदा तिथेही दिसतो. ऑपरेटिंग सिस्टिम मात्र 64 बिटांचीच हवी. घरगुती 32 बिटांच्या विंडोजला 4 जीबीपलीकडची मेमरी वापरताच येत नाही. शिवाय हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर सुरू होण्याची रखडपट्टीही संपते.

मेमरीत जागा शिल्लक असूनही प्रोसेसर शंभर टक्क्यांवर अडकत असेल, तरच त्याला हात घाला. आय3-2100 ज्या 1155 सॉकेटमध्ये बसतो, त्यातच 2012चा आय7-3770 बसतो. आय3चे गाभे दोन, याचे चार. मात्र आपला मदरबोर्ड तो स्वीकारतो का, हे निर्मात्याच्या यादीत आधी पाहा. बायोस अपडेट लागणार असेल, तर ते जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच करा. नवा प्रोसेसर न ओळखणारा बोर्ड सुरूच होणार नाही, मग अपडेट कशाने करणार?

काम करताना वीज तोडा आणि अंगावरची स्थिर वीज निघून जावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. सॉकेटमधल्या नाजूक पिनांना बोट लागू देऊ नका. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यातल्या सूक्ष्म फटींत हवा अडकते, आणि हवा उष्णतेची वाईट वाहक आहे. म्हणून जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावायचीच.

एवढं करून नव्या गेम्स किंवा जड व्हिडिओ संपादन जमेल, अशी आशा धरू नका. विंडोज 11च्या अधिकृत यादीतही हे प्रोसेसर नाहीत, आणि विंडोज 10ची सर्वसाधारण सेवा 14 ऑक्टोबर 2025ला थांबली. पण लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली घातली, तर लेखन, हिशेब, ऑनलाइन अभ्यास आणि प्रोग्रॅमिंग शिकणं यांसाठी हे यंत्र आणखी काही वर्षं सहज पुरेल. 2022मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्याच्या पाव हिश्शाचीही रीतसर पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद नाही. चालतं यंत्र त्या ढिगात टाकण्याआधी त्याची एकदा तपासणी करणं, एवढं तरी आपण नक्कीच करू शकतो.