पाच लाख खात्यात येत नाहीत

“आमचं रेशनकार्ड पांढरं. आम्हाला काही मिळत नाही.”

पूर्वी हे खरं होतं. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली ती पिवळ्या आणि केशरी कार्डांसाठी. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली आणि जुलै २०२४ पासून पांढरं कार्डही तिच्यात आलं. उपचारखर्चाची दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर गेली. सत्तरी ओलांडलेल्यांना तर केंद्राच्या आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अटच नाही.

“पाच लाख मंजूर झाले की खात्यात येतील.”

येत नाहीत, आणि सगळा घोळ इथेच होतो. पाच लाख ही अख्ख्या घराची मिळून वर्षाची मर्यादा आहे. यादीतल्या प्रत्येक उपचाराचं पॅकेज ठरलेलं असतं: बायपासचं वेगळं, डायलिसिसचं वेगळं. रुग्णालय आधी मंजुरी मागतं, उपचार करतं आणि पैसे त्यालाच मिळतात. त्यामुळे दागिने मोडून बिल भरायचं आणि मग पावत्या घेऊन योजनेकडे धाव घ्यायची, हे चालत नाही. भरती होतानाच रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला गाठायचं. रुग्ण तातडीचा असेल तर फोनवर कळवून उपचार सुरू होऊ शकतात, कागद मागाहून दिले तरी चालतात.

पॅकेजचे दर सरकार ठरवतं आणि ते परवडत नाहीत अशी खासगी रुग्णालयांची जुनीच तक्रार आहे. म्हणून सगळी रुग्णालयं योजनेत नसतात. असतात तीही सगळ्या आजारांसाठी नसतात. हृदयविकारासाठी योजनेत असलेल्या ठिकाणी कॅन्सरचा रुग्ण नेला तर हेलपाटा पडू शकतो. योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर आजाराचं नाव सांगून जवळचं रुग्णालय विचारावं. नुसतं “योजना आहे का?” विचारून भागत नाही.

“ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल म्हणजे श्रीमंतांचं.”

मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानुसार ट्रस्टच्या, म्हणजे धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलांचे २ टक्के वेगळ्या निधीत जातात. उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवावा आणि नकार मिळाला तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करावी. मागितल्याशिवाय ही खाट सहसा कुणी देत नाही.

“योजना आहे, म्हणजे खिशाला चाट नाही.”

योजना मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. निदान होईपर्यंतचे स्कॅन, बायोप्सी, ओपीडीच्या चकरा बहुतेक वेळा आपल्याच खर्चाने होतात. शक्य तेवढ्या तपासण्या जिल्हा रुग्णालयात करून घ्याव्यात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून त्या मोफत आहेत. मुंबईला कॅन्सरच्या उपचारासाठी महिनोन्‌महिने राहावं लागल्यास घराचं भाडं आणि सोबत्याची बुडालेली रोजंदारी मात्र कुठल्याच पॅकेजमध्ये बसत नाही.