नाक्यावरून पुढे गेलेली तार

रत्नागिरीहून हातखंब्यामार्गे येणारा प्रवासी पालीला पोहोचला की त्याच्यापुढे दोन वाटा उभ्या राहतात. एक लांजा-राजापूरवरून गोव्याकडे उतरते. दुसरी नाणीज-साखरपा मागे टाकून आंबा घाटाने कोल्हापूरकडे चढते. (अष्टविनायकांतील बल्लाळेश्वराची पाली ती निराळी, रायगड जिल्ह्यातली.) अशा नाक्यावरच्या गावाला वस्तू आणि माणसे पुढे जाताना पाहण्याची सवय असते. आंब्याच्या पेट्या गेल्या, चाकरमान्यांच्या गाड्या गेल्या, आणि आता महामार्गांच्या कडेने पुरलेल्या नळ्यांतून प्रकाशाच्या वेगाने संदेशही जातात. मात्र बाजारपेठेतल्या दुकानात फायबरची जोडणी मिळावी आणि अर्ध्या कोसावरच्या वाडीला ‘अजून थोडे थांबा’ हेच उत्तर मिळावे, हा कोकणातील गावोगावचा अनुभव आहे.

थांबणे कोकणाला नवे नाही. रेल्वेची मागणी कित्येक पिढ्यांची होती. सबंध मार्गावरून गाडी धावली ती 1998 च्या जानेवारीत. महामार्गाच्या चौपदरीकरणास 2011 च्या सुमारास प्रारंभ झाला आणि त्याच्या तारखा किती वेळा बदलल्या, हे मोजण्याचेही प्रवाशांनी सोडून दिले. दूरध्वनीची कथा अधिक बोलकी आहे. 1994 च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने 1997 पर्यंत मागेल त्याला दूरध्वनी देण्याचे वचन दिले होते. 1999 च्या धोरणाने तेच वचन 2002 सालासाठी पुन्हा दिले. शेवटी घरोघर दूरध्वनी आला तो तारेवाचून, खिशातून. आणि जुने वचन पाळले गेले की केवळ विस्मृतीत गेले, हे विचारण्याची कोणास गरज उरली नाही.

वास्तविक काचेच्या तंतूची महाराष्ट्राशी ओळख फार जुनी आहे. देशातील पहिली प्रकाशतंतूची दूरध्वनी जोडणी 1979 साली पुण्यात कार्यान्वित झाली. काचेतील अशुद्धता काढली तर केसाएवढ्या तंतूतून संदेश दूरवर नेता येतील, हे चार्ल्स काव यांनी 1966 साली मांडले होते; त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांत ती विद्या पुण्यापर्यंत आली. पुण्याहून सह्याद्री उतरून वाडीवर येण्यास तिला चार दशकांहून अधिक काळ लागावा, याचे कारण विज्ञानात शोधून सापडणार नाही.

ते कारण बऱ्याच अंशी मोजमापात आहे. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने सुमारे अडीच लक्ष ग्रामपंचायती प्रकाशतंतूने जोडण्याची योजना मंजूर केली. खर्च सुमारे 20 हजार कोटी, मुदत दोन वर्षे. पुढे तिचे नाव ‘भारतनेट’ झाले आणि पहिल्या टप्प्यातील एक लक्ष ग्रामपंचायतींचा आकडा गाठण्यास 2017 चा डिसेंबर उजाडला. 15 ऑगस्ट 2020 रोजी लाल किल्ल्यावरून सहा लक्ष गावांना 1000 दिवसांत प्रकाशतंतू पोहोचविण्याची घोषणा झाली. ते हजार दिवस 2023 च्या मे महिन्यात संपले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुमारे 1 लक्ष 39 हजार कोटींच्या सुधारित योजनेस मंजुरी द्यावी लागली, यातच काय ते आले.

परंतु विलंबापेक्षाही गंभीर गोष्ट आहे ती ‘पोहोचली’ या क्रियापदाची. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात भिंतीवर पेटी बसली की गाव जोडले गेले, अशी कागदोपत्री नोंद होते. त्या पेटीला वीज आहे काय, तिच्यातून पुढे एखाद्या घरी, शाळेत, दवाखान्यात तार गेली काय, पहिल्या पावसात तुटलेला तंतू कोणी जोडला काय, हे प्रश्न त्या नोंदीत मावत नाहीत. विहीर खणली म्हणून गावास पाणी मिळाले असे कोणी म्हणत नाही. रहाट, दोर आणि ओढणारा हात लागतोच. येथे मात्र विहिरीचीच गणती होत आली.

कोकणात हा शेवटचा तुकडाच सर्वांत कठीण. देशावरचे गाव बहुधा एके ठिकाणी दाटीने वसलेले असते. कोकणातले गाव वाड्यावाड्यांनी विखुरलेले. मध्ये पऱ्या, बाग, गडगा, पाखाडी आणि कातळाचा सडा. तंतू सुमारे दीड मीटरहून अधिक खोल पुरावा असा सर्वसाधारण संकेत. पण जांभ्याच्या कातळात तितके खणणे म्हणजे पैशाचे आणि दिवसांचे काम. म्हणून तार खांबांवरून नेली जाते, आणि आषाढात फांदी पडली की जमिनीवर येते. जी पुरलेली असते तिलाही रस्तारुंदीकरणाच्या यंत्राचा दात लागतो. खोदण्यापूर्वी खालच्या वाहिन्यांच्या मालकांना कळवावे यासाठी केंद्राने 2023 च्या मार्चमध्ये एक खास ॲप काढले. ते काढावे लागले, यावरूनच रोगाचा प्रसार ध्यानी यावा.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. खिशात मोबाईल असताना घरात तार हवी कशाला? आक्षेप वरकरणी बिनतोड आहे. परंतु मोबाईलचा मनोरासुद्धा अखेर कशाला तरी जोडावा लागतो, आणि वर्दळ वाढली की तेथेही तंतूवाचून निभत नाही. दरीतल्या वाडीला मनोरा दिसत नाही ही गोष्ट वेगळीच. 2020 च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातील एका विद्यार्थिनीने डोंगरावर खोप बांधून अभ्यास केल्याची वार्ता वृत्तपत्रांनी कौतुकाने छापली. कौतुक योग्यच होते. पण शिकण्यासाठी पावसाळ्यात डोंगर चढावा लागला, ही बातमीची खरी बाजू कौतुकात झाकली गेली.

त्यानंतर गरज वाढतच गेली आहे. सातबारा, रास्त भावाच्या दुकानातील अंगठा, शिक्षकांची वेतनदेयके, शाळेची माहिती भरणे, सारे यंत्रावर गेले. 2025 सालापासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात ऑनलाइन झाले. कार्यालयाने कागद घेणे बंद करावे आणि कागदाच्या जागी जे आणले त्याची वाट मात्र नागरिकाने आपली आपण शोधावी, हा व्यवहार एकतर्फी होय. अर्ज अर्धा भरून झाल्यावर जोडणी तुटली तर मुदत थांबत नाही.

याहून मोठी एक गोष्ट आहे. शतकभर कोकणाने आपली तरुण मुले मुंबईला धाडली आणि मनीऑर्डरीवर घर चालविले. 2020 साली चाकरमानी मोठ्या संख्येने परतले, तेव्हा ज्यांचे काम संगणकावर चालते त्यांच्यापुढे प्रथमच असा प्रश्न उभा राहिला, की परत जावेच का? काहींना उत्तर देण्याची संधीच मिळाली नाही. जोडणी भरवशाची नव्हती. तार आली म्हणून सारे परततील असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पण तिच्याअभावी जाणे भाग पडते आणि तिच्यामुळे राहणे शक्य होते, एवढे खरे.

केरळात वस्ती कोकणासारखीच बागांतून विखुरलेली. तेथील सरकारने वीज मंडळाच्या भागीदारीत स्वतःचे जाळे उभारले आणि 2023 च्या जूनमध्ये त्याचे उद्घाटन करताना 20 लक्ष गरीब कुटुंबांना विनामूल्य जोडणीचा संकल्प केला. गती तेथेही मंदच राहिली. तथापि मोजण्याचे माप कुटुंब हे ठरले, कार्यालय नव्हे. केंद्राच्या सुधारित योजनेतही दीड कोटी ग्रामीण घरांचे लक्ष्य आहे, तंतू एका बाजूने तुटला तर दुसऱ्या बाजूने संदेश जावा म्हणून वर्तुळाकार मांडणी आहे, आणि दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद आहे. कागदावर हे पूर्वीपेक्षा निश्चित शहाणपणाचे आहे.

आता प्रत्येक वाडीतील किती घरांत दिवा लागला आणि बिघाड किती तासांत दूर झाला, हे दोन आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर दरमहा लिहिले जावेत. त्यास नवा निधी लागत नाही, खडू लागतो. तुटलेले तंतू विजेच्या ठिणगीने वितळवून जोडण्याचे काम दहावी-बारावी झालेल्या मुलांना शिकविता येण्याजोगे आहे. ती मुले वाडीचीच असली तर पऱ्याला पूर आला असतानाही दुरुस्तीसाठी बाहेरच्या गाडीची वाट पाहावी लागणार नाही.