घोटा आखडला, तरी सायकल चालेल

चांदीपच्या रस्त्यावर सायकल ही हौस नव्हे, कामावर जाण्याचे साधन आहे. हाड मोडून घोटा आखडला म्हणून ती विकू नका. हाड जुळल्याचे डॉक्टरांनी सांगितले की आधी पायडल बदला.

रुंद, सपाट, रबरी ठोकळ्यांचे पायडल घ्यावे; गुळगुळीत लोखंडीवर पावसात चप्पल घसरते. पाय अडकवणारा पट्टा तर मुळीच नको. तोल गेला तर असा पाय चटकन सुटत नाही.

चवड्याने पायडल मारा, असे सारे सांगतात. घोटा वळत नसेल तर पायडलचा दांडा तळव्याच्या मध्याखाली ठेवा, घोट्यावरचा ताण कमी होतो. सीटही थोडी खाली घ्या.

दुकानात जुने पायडल सोबत न्या, आटे जुळले पाहिजेत. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात; ते घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवले की सुटते.